साडेपाच लाख येनांचा लोखंडी मुलगा

१ जानेवारी १९६३. जपानमध्ये नववर्षाचा दिवस म्हणजे आपल्या पाडव्यासारखाच, घरच्या मंडळींनी एकत्र बसून गोडधोड खाण्याचा. त्या संध्याकाळी सव्वासहा वाजता फुजी टेलिव्हिजनवर एक लहान मुलगा उडाला. डोक्यावर केसांची दोन टोकदार शिंगं, टपोरे डोळे, आणि पायांतून आगीचे लोळ. मुलगा लोखंडी होता, पण रडायचा माणसासारखा. अर्ध्या तासाचा हा कार्यक्रम एका चॉकलेट कंपनीच्या पैशावर चालणार होता आणि दर आठवड्याला त्याचा नवा भाग येणार होता. कार्टूनपटांच्या धंद्यातल्या जाणत्या मंडळींनी आधीच कपाळावर हात मारून घेतला होता. दीडएक तासाचा चित्रपट काढायला मोठ्या स्टुडिओतली शेकडो माणसं वर्षभर राबत. इथे आठवड्याला अर्धा तास! शिवाय त्या अर्ध्या तासाची किंमत ठरली होती साडेपाच लाख येन.

तेव्हाच्या दरानं, म्हणजे ३६० येनला एक डॉलर या हिशेबानं, हे झाले सुमारे दीड हजार डॉलर. खर्च याच्या कितीतरी पट होता. ही किंमत सांगणारा गृहस्थ धंद्यात नवखा नव्हता. तो जपानमधला सर्वांत लोकप्रिय चित्रकथाकार होता, आणि त्यानं ही किंमत समजून-उमजून सांगितली होती. त्याचं नाव ओसामू तेझुका.

माझी बरीचशी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात गेली. कादंबऱ्या लिहिल्या त्या रात्री आणि रविवारी. त्यामुळे एखाद्या कलावंतावर जीव जडला, तरी माझी नजर आधी त्याच्या ताळेबंदाकडे जाते. खोड आहे, जात नाही. तेझुकांच्या चित्रकथा मी हावरेपणानं वाचल्या आहेत, त्यांचे कार्टूनपट जमतील तितके पाहिले आहेत. पण मला त्यांच्याबद्दल सर्वांत जास्त सतावत आला आहे तो हा साडेपाच लाखांचा आकडा. आज ज्याला सारं जग अ‍ॅनिमे म्हणतं, ज्याच्यापायी आपली नातवंडं जेवणाचं ताट पुढ्यात घेऊन पडद्याला चिकटून बसतात, त्या सगळ्याच्या पायात हा आकडा पुरलेला आहे.

ओसामूचा जन्म ३ नोव्हेंबर १९२८चा, ओसाकाजवळच्या तोयोनाका गावचा. तो दिवस मेजी सम्राटाच्या जयंतीचा, म्हणून त्या नावातलं एक अक्षर घेऊन मुलाचं नाव ठेवलं. बालपण गेलं ताकाराझुका या गावी. हे गाव गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी आणि तिथल्या नाटकमंडळीसाठी प्रसिद्ध. या मंडळीत सगळ्या भूमिका बायका करतात, पुरुषांच्यासुद्धा! बालगंधर्वांच्या मुलखातल्या वाचकाला हा उलटा प्रकार ऐकून गंमत वाटेल. आई मुलाला तिथं घेऊन जायची. वडिलांना छायाचित्रणाचा नाद. घरात हातानं फिरवायचं छोटं सिनेमायंत्र होतं आणि त्यावर चॅप्लिन आणि मिकी माऊस दिसत. मुलगा लहानखुरा, चष्मेवाला, कुरळ्या केसांचा. शाळेत यथेच्छ चिडवला जायचा. त्यानं त्यावर दोन उपाय शोधले. एक म्हणजे चित्रं काढणं आणि दुसरा म्हणजे किडे गोळा करणं. जपानीत ओसामुशी नावाचा एक भुंग्यासारखा किडा असतो. नावाशी जुळणारा किडा सापडल्यावर पोरानं आपल्या नावात किड्याचं अक्षर जोडून टाकलं आणि पुढे आयुष्यभर तशीच सही केली.

मग युद्ध आलं. शाळकरी मुलांना कारखान्यात जुंपलं गेलं. १९४५च्या जूनमध्ये ओसाकावर बॉम्ब पडले, तेव्हा हा सोळा वर्षांचा पोर कारखान्याच्या टेहळणी मनोऱ्यावर पहाऱ्याला होता. तो वाचला, खाली उतरला, आणि नदीकाठानं चालत जाताना त्यानं जे पाहिलं ते पुढे चाळीस वर्षं त्याच्या चित्रांत येत राहिलं. त्याआधी एप्रिलमध्ये बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेल्या शहरातल्या एका थिएटरात त्यानं नौदलाच्या प्रचाराचा एक कार्टूनपट पाहिला होता. प्रेक्षक जवळजवळ नव्हतेच. चित्रपट युद्धाचा, पण त्यातलं काम इतकं हळुवार होतं की त्याला रडू कोसळलं. आपणही एक दिवस असं काहीतरी करायचं, हे त्यानं त्या रिकाम्या थिएटरात ठरवलं. ऑगस्टमध्ये शरणागती झाली. त्या संध्याकाळी ओसाकात दिवे लागले. कित्येक दिवसांनी अख्खं शहर उजळलेलं पाहून आपण जगलो, आता मरणार नाही, हे त्याला पहिल्यांदा जाणवलं. तेझुकांनी ही आठवण पुढे पुन्हापुन्हा सांगितली आहे.

वैद्यकीय शिक्षण आणि चित्रकथा दोन्ही एकदमच सुरू झाली. ४ जानेवारी १९४६ला, वयाच्या सतराव्या वर्षी, मुलांच्या एका वर्तमानपत्रात त्यांची पहिली चित्रमालिका आली. त्या दिवसांत ओसाकात हलक्या कागदावर, भडक लाल मुखपृष्ठाची स्वस्त पुस्तकं निघत. आपल्याकडच्या रेल्वे स्टेशनवरच्या रहस्यकथांच्या जातकुळीतली. १९४७मध्ये शिचिमा साकाई या ज्येष्ठ चित्रकाराच्या जोडीनं केलेलं ‘नवं रत्नद्वीप’ हे त्यांचं पुस्तक अशाच रूपात आलं आणि चार लाख प्रती खपल्या असं सांगतात. देश उपाशी असताना! त्या पुस्तकाची सुरुवात म्हणजे एक मुलगा मोटार भरधाव सोडतो, एवढंच. पण वाचणाऱ्या पोरांना पानावर सिनेमा पाहिल्यासारखं वाटलं. जवळून, लांबून, वरून, खालून. डिस्नेचे चित्रपट पुन्हापुन्हा पाहून तेझुकांनी कॅमेऱ्याची नजर कागदावर उतरवली होती.

डॉक्टर व्हायचं की चित्रकथा काढायच्या, हा पेच त्यांनी आईपुढे टाकला. आईनं विचारलं, तुला जास्त काय आवडतं? मुलानं खरं ते सांगितलं, आणि आई म्हणाली, मग तेच कर. शिकलेल्या मुलानं डॉक्टरकी सोडावी असं सांगणारी आई १९५०च्या सुमाराच्या जपानात किती असतील? आपल्याकडे आज किती आहेत? तरी तेझुकांनी वैद्यकीची परीक्षा पुरी केली, परवाना मिळवला, आणि १९६१मध्ये तळ्यातल्या गोगलगायींच्या शुक्रपेशींवर प्रबंध लिहून डॉक्टरेटही घेतली. प्रॅक्टिस मात्र केली नाही.

१९५२मध्ये ‘तेत्सुवान आतोमू’, म्हणजे पोलादी बाहूंचा अणू, मासिकातून येऊ लागला. आपण या पोराला अ‍ॅस्ट्रो बॉय म्हणून ओळखतो. वरवर पाहता ही उडणाऱ्या रोबोची पोरखेळ गोष्ट. पण तिची मुळं पाहा. डॉ. तेन्मा नावाच्या शास्त्रज्ञाचा मुलगा अपघातात जातो. दुःखानं वेडापिसा झालेला बाप हुबेहूब त्याच्यासारखा रोबो घडवतो, त्याला पोटच्या पोरासारखं वाढवतो. आणि एक दिवस त्याच्या लक्षात येतं की हे पोर मोठं होत नाही. उंची वाढत नाही. बाप चिडतो आणि त्याला सर्कशीला विकून टाकतो. तिथून एक भला प्राध्यापक त्याला सोडवतो. विज्ञानकथांचा मी जुना वाचक आहे, पण यंत्रमानवाची इतकी घरगुती आणि इतकी क्रूर कल्पना मी दुसरीकडे वाचलेली नाही. बापाचा राग यंत्रावर नाहीच. तो काळावर आहे.

तेझुकांची आणखी एक खुबी माझ्यासारख्या वाचकाला फार सुखावते. त्यांची पात्रं नाटक कंपनीतल्या नटांसारखी एका कथेतून दुसरीत जातात. मिशाळ खासगी गुप्तहेर एका पुस्तकात मास्तर असतो, दुसऱ्यात आणखी कुणी. एका कथेतला देखणा नायक दुसऱ्यात खलनायक होतो. ओळखीचा चेहरा नव्या वेषात दिसला की पोरं खूश. ताकाराझुकाच्या रंगमंचाखाली बसून पाहिलेलं असं कामाला आलं.

टोकियोत ते तोकिवा-सो नावाच्या लाकडी चाळवजा इमारतीत राहायला आले. खोली जेमतेम साडेचार चटयांची. पुढे सोडताना त्यांनी ती आपल्यावर जीव टाकणाऱ्या दोन तरुणांना दिली, आणि घरमालकाकडची अनामतही त्यांच्यासाठी तशीच ठेवली. टोकियोत भाड्यानं राहायला येणाऱ्या गरीब पोरांना अनामत रक्कम म्हणजे डोंगर. मुंबईकरांना हे सांगायला नकोच. हे दोघं जण पुढे फुजिको फुजिओ या जोडनावानं लिहू लागले, आणि त्यांच्यातल्या एकानं १९६९मध्ये एक निळं मांजर काढलं. डोरेमॉन. आपल्या घराघरांत हिंदीत बोलणारा.

चित्रकथांतून पैसा भरपूर येत होता. एकाच वेळी अनेक मासिकांचं काम, आणि प्रत्येक मासिकाचा माणूस पानं न्यायला दारात ठाण मांडून बसलेला. मुदत पाळणं हा तेझुकांचा गुण नव्हता. संपादकांनी त्यांच्या किड्याच्या नावाचाच अपभ्रंश करून त्यांना उशीरकिडा आणि थापकिडा अशी नावं ठेवली होती. हे सगळं कमावलेलं कुठे जाणार होतं, तेही त्यांनी लपवलं नाही. चित्रकथा ही आपली लग्नाची बायको आणि अ‍ॅनिमेशन ही प्रेयसी, असं ते म्हणत. बायकोनं कमवायचं आणि ते प्रेयसीवर उधळायचं. कर्ज विभागातल्या माणसाला असा ग्राहक दिसला की पोटात गोळा येतो.

१९६१मध्ये त्यांनी स्वतःचा स्टुडिओ काढला आणि त्यालाही किड्याचंच नाव दिलं, मुशी प्रॉडक्शन. मग आला टेलिव्हिजन. साडेपाच लाख का? किंमत इतकी खाली ठेवली की दुसरा कुणी या धंद्यात उतरायला धजणार नाही, हा एक हिशेब. आणि तूट आपल्या चित्रकथांच्या कमाईतून भरून काढू, हा दुसरा. पुढच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे की मधल्या जाहिरात कंपनीकडून स्टुडिओला प्रत्यक्षात याहून बरीच जास्त रक्कम मिळत होती. पण बाजारात बोलबाला झाला तो साडेपाच लाखांचाच, आणि धंद्यात खऱ्या आकड्यापेक्षा बोलला जाणारा आकडाच भाव ठरवतो.

आता एवढ्या पैशांत दर आठवड्याला अर्धा तास भरायचा कसा? सिनेमात सेकंदाला चोवीस चौकटी जातात. मुशीत एक चित्र तीन चौकटींना पुरवायचं ठरलं, म्हणजे सेकंदाला आठच चित्रं. माणूस बोलत असला तर चेहरा स्थिर आणि हलायचे फक्त ओठ. धावायचं असेल तर पात्र जागच्या जागी आणि मागचा देखावा सरकता. आणि एकदा काढलेलं चित्र फेकायचं नाही. आतोमूचं उड्डाण, त्याचं वळणं, ढग, सगळं नीट नंबर घालून कपाटात ठेवायचं आणि पुढच्या भागात पुन्हा काढायचं. या कपाटाला स्टुडिओत काय म्हणत ठाऊक आहे? बँक! हे वाचलं तेव्हा मी एकटाच खोलीत हसलो. अशा बँकेत ठेव कधी बुडत नाही, आणि व्याजावर सगळं चालतं.

मालिका तुफान चालली. त्याच वर्षी अमेरिकेच्या एन.बी.सी.नं ती विकत घेतली. भागाला दहा हजार डॉलर, असं सांगितलं जातं. जपानात १९६४मध्ये एका भागाला चाळीस टक्क्यांवर प्रेक्षक मिळाले. चॉकलेटच्या डबीत आतोमूचे स्टिकर मिळू लागले आणि पोरांनी चॉकलेटची दुकानं रिकामी केली. मालिका चार वर्षांत १९३ भाग चालली. स्टुडिओत माणसं टेबलावर डोकं ठेवून झोपायची आणि उठून पुन्हा रेघा ओढायची. आणि तेझुकांचा तो पहिला हिशेब? तो वर्ष सरायच्या आतच कोसळला. स्वस्त आहे म्हणून कुणी उतरणार नाही असं त्यांना वाटलं होतं. स्वस्तात होतं हे कळल्यावर सगळेच उतरले. आणि वाहिन्यांनी प्रत्येकाला तोच भाव दाखवला.

असे कर्जदार मी पाहिले आहेत. टेंडर मिळावं म्हणून खर्चाखाली दर भरणारे. त्यांची चूक एकट्याला भोवली असती तर प्रश्न नव्हता. पण त्यांचा दर पुढच्या टेंडरला पायाभूत दर होऊन बसतो, आणि मग गावातल्या सगळ्याच लहान कंत्राटदारांच्या मजुरांचं पोट मारलं जातं. १९६२मध्ये मी टोकियोतल्या एखाद्या शाखेत असतो, तर हे कर्ज मंजूर केलं नसतं. आजही करणार नाही.

पुढे व्हायचं तेच झालं. १९६५मध्ये पांढऱ्या सिंहाची ‘जंगल सम्राट’ ही रंगीत मालिका आली, तीही अमेरिकेत गेली. (डिस्नेच्या १९९४च्या ‘लायन किंग’नंतर या सिंहाची चर्चा बरीच झाली. डिस्ने कंपनीनं साम्य नाकारलं. तेझुका डिस्नेचे आजन्म भक्त, त्यामुळे तो वाद त्यांच्या हयातीत झाला नाही ते बरंच.) चित्रकथांच्या जगात मात्र हवा बदलली होती. जास्त रांगडे, जास्त वास्तववादी चित्रकार आले आणि चाळिशीतले तेझुका जुने दिसू लागले. स्टुडिओनं मोठ्यांसाठी चित्रपट काढून पाहिले. १९७१मध्ये तेझुका अध्यक्षपदावरून पायउतार झाले. १९७३च्या नोव्हेंबरात मुशी प्रॉडक्शनचं दिवाळं निघालं. पद सोडलेलं असलं तरी घेणेकरी त्यांच्याच दारात आले. घर गेलं. चित्रकथांचे हक्कही विखुरले गेले असते, पण ओसाकाचे एक बाबागाड्या बनवणारे उद्योजक मदतीला धावले आणि हक्क वाचले.

आणि त्याच १९७३च्या नोव्हेंबरात एका साप्ताहिकात तेझुकांची नवी चित्रकथा सुरू झाली. संपादकांचा विचार साधा होता. थोर माणूस आता संपला, त्याला मानानं चार-पाच अंकांचा निरोप द्यावा. ती कथा होती ‘ब्लॅक जॅक’. दहा वर्षं, दोनशे चाळीसच्या आसपास गोष्टी.

ब्लॅक जॅक हा शल्यचिकित्सक आहे. चेहऱ्यावर टाक्यांची रेघ, अर्धे केस पांढरे, हात जादूचे, आणि परवाना नाही. लहानपणी एका जिवंत राहिलेल्या बॉम्बच्या स्फोटात त्याचे तुकडे झाले होते, आणि एका डॉक्टरनं ते शिवून त्याला उभं केलं. हा माणूस शस्त्रक्रियेला कोट्यवधी येन मागतो. श्रीमंताला मागतो, गरिबालाही मागतो. रोग्याच्या नातेवाइकाला विचारतो की या जिवाची किंमत तुझ्या लेखी किती. उत्तर मनापासून आलं की कधी पैसे सोडून देतो, कधी नाही. समीक्षक या पात्रात तेझुकांची सुटलेली डॉक्टरकी पाहतात, आणि ते खरंच आहे. मला मात्र त्यात दुसरंही दिसतं. ज्यानं आपलं काम जगात सर्वांत स्वस्त विकून घरदार घालवलं, त्यानं त्याच महिन्यात आपलं काम जगात सर्वांत महाग विकणारा माणूस निर्माण केला. लेखक आपला ताळेबंद अशाच जागी लिहितात.

याच काळात भारताशी नातं असलेलं त्यांचं मोठं काम चालू होतं. १९७२ ते १९८३ अशी अकरा वर्षं त्यांनी ‘बुद्ध’ काढला. इंग्रजीत त्याचे आठ खंड आहेत आणि ते आपल्याकडे मिळतात. निवृत्तीनंतर मी ते लागोपाठ वाचले. कथा सिद्धार्थापासून सुरू होत नाही. ती सुरू होते चाप्रा नावाच्या एका शूद्र गुलाम मुलापासून, जो जात लपवून सेनापतीचा मुलगा होतो. मधूनच आधुनिक विनोद येतात, पात्रं टेलिफोनच्या गोष्टी करतात. भाविक वाचकाला ते खटकेल, मलाही दोन-चार ठिकाणी खटकलं. पण जातीच्या उतरंडीखाली चिरडलेल्या माणसाला पहिलं पान द्यायचं, हे ओसाकाच्या नदीकाठानं चालत गेलेल्या त्या मुलाला बरोबर सुचलं.

१९८९मध्ये तेझुका गेल्यावर श्रद्धांजलीच्या लेखांचा पूर आला. त्यात एक लेख वेगळा होता. हायाओ मियाझाकी, ज्यांचे चित्रपट आज जगभर डोक्यावर घेतले जातात, त्यांनी लिहिलं की चित्रकथाकार म्हणून तेझुका मोठेच, पण अ‍ॅनिमेशनमध्ये त्यांनी जे केलं ते चूक होतं; त्यांनी पाडलेल्या भावाची झळ सगळ्या धंद्याला बसली. नुकत्याच गेलेल्या माणसाविषयी हे लिहायला धाडस लागतं, आणि त्यांचं म्हणणं पोकळ नव्हतं. जपानमधल्या अ‍ॅनिमेशन कामगारांच्या तुटपुंज्या मोबदल्याची तक्रार आजही संपलेली नाही. दुसरी बाजू अशी की पहिल्या दिवसांत मुशीतले पगार बरे होते. आणि बुडालेल्या त्या स्टुडिओतून बाहेर पडलेल्या माणसांनी सनराईज आणि मॅडहाऊससारख्या कंपन्या उभ्या केल्या, ‘गंडम’ करणारे तोमिनो तिथंच शिकले. साडेपाच लाखांचा आकडा नसता तर चॉकलेट कंपनीनं पैसे घातले नसते. आतोमू उडाला नसता. मग १९९३मध्ये आपल्या दूरदर्शनवर रविवारी सकाळी जो मोगली यायचा, तोही कदाचित झाला नसता. ती मालिकाही जपानीच होती, हे त्या वेळी माझ्या लेकीला सांगितलं तर तिला खरं वाटेना. मियाझाकी बरोबर आहेत असं माझं मत आहे, आणि तरीही मी तेझुकांचाच वाचक आहे. या दोन गोष्टी एका माणसात सुखानं नांदतात.

शेवटी पोटाचा कर्करोग झाला. तेव्हाच्या जपानी रिवाजाप्रमाणे डॉक्टरांनी आणि घरच्यांनी रोगाचं नाव त्यांना सांगितलं नाही. जणू स्वतः डॉक्टर असलेल्या माणसाला कळणारच नव्हतं! त्या दिवसांत ते ‘निओ फाउस्ट’ काढत होते, आणि त्यातल्या एका बड्या पात्राला पोटाचा कर्करोग असतो आणि तो त्याच्यापासून लपवला जातो. इस्पितळातल्या पलंगावर तीन कथा अर्धवट होत्या. मला काम करू द्या, अशी विनवणी ते अखेरपर्यंत करत राहिले. ९ फेब्रुवारी १९८९ला ते गेले. ‘निओ फाउस्ट’ची शेवटची पानं पेन्सिलीच्या कच्च्या रेघांतच राहिली.

दीड लाखाच्या आसपास पानं काढलेल्या या माणसाचं वय त्या दिवशी वर्तमानपत्रांनी साठ छापलं तेव्हा बरेच लोक चकित झाले. ते बासष्ट वर्षांचे आहेत असं सगळे धरून चालले होते, कारण तेझुका जन्मसाल १९२६ सांगत आले होते. सतराव्या वर्षी पहिलं काम घेऊन गेलेल्या पोराला कोवळा म्हणून कुणी परत पाठवू नये, म्हणून त्यानं वय दोन वर्षांनी वाढवलं, असं म्हणतात. नंतर ते दुरुस्त करायला त्याला कधी सवड झाली नाही.